आईला संवाद नको

रवि. ३ ऑगस्ट
'मीठ' या मंगावरचा, म्हणजे जपानी चित्रकथेवरचा, सिनेमा पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा तरी आवडेल असं वाटलं होतं. नाही.
मंगामध्ये घर सोडून गेलेला सोरा खूप वर्षांनी मिठागरावर परत येतो. आई दार उघडते, बघते, आत जाते, भात वाढते. पानंच्या पानं एक शब्द नाही. ॲनिमेत (त्यावरच्या जपानी कार्टून मालिकेत) तेवढा वारा ऐकू येतो, बाकी गप्प. सिनेमात काय, तर आई किंचाळत पळत येते, पोराच्या डोक्यावर केरसुणीसारखा विग, आणि मागे व्हायोलिन. खरी माणसं घेतली की यांना गप्प बसायची भीती का वाटते?
एक मान्य. सिनेमातल्या आईचे हात. मिठाने चिरलेले, खरे. तसे हात कागदावर येत नाहीत. तेवढंच.
मंगावाल्यांच्या ग्रुपवर हेच लिहिलं, दोनदा तपासून. उत्तर आलं, "बारावी नापास, आणि समीक्षा करतोय." मी लिहिलं, बारावीच्या पेपरात मंगा नव्हता.

बुध. ६ ऑगस्ट
दुकानातून (फ्लेक्सची घाई, राजारामपुरीत नुसती गर्दी) थेट उचगावात गणपती मंडळाच्या बैठकीला. पलीकडच्या गल्लीने आमचाच ऐतिहासिक विषय उचललाय. आता सजीव देखावा कशावर करायचा? मंडळातल्या ओंकारने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या जपान्याकडं गोष्टी हाईत की!" उभा राहून 'मीठ' सांगितली. विलासअण्णा अध्यक्ष, त्यांनी एकच विचारलं.
"आई हाय न्हवं त्यात?"
"आहे."
"मग झालं. आई चालती."

रवि. १० ऑगस्ट
आमच्याकडे समुद्र कुठला. मिठागराचं गुऱ्हाळ केलं. सोराचा सुरेश झाला, हातकणंगले स्टेशनवर उतरतो. भाताच्या जागी भाकरी. सगळं मीच बदललं, आणि आनंदाने.
ग्रुपला कळलं. "गणपतीत ॲनिमे? मूळ कलाकृतीचा अपमान आहे हा."
माझं मत लिहून ठेवतो. कपडे बदला, गाव बदला, मिठाचा गूळ करा, काही बिघडत नाही. ती गप्प राहते, तेवढं बदललं की गोष्ट मेली. सिनेमावाल्यांनी किमोनो बरोबर शिवला आणि आई चुकवली.

रवि. १७ ऑगस्ट
ध्वनिमुद्रण. मालकांनी रविवार म्हणून दुकानाची मागची खोली दिली. ओंकार सुरेश झालाय, त्याच्या शुभांगी वहिनी आई. बाकी सगळ्यांचे आवाज भरून झाले. मंचावर उभं राहून त्यावर फक्त ओठ आणि हात हलवायचे, दरवर्षीसारखं.
वहिनी : माझी पाळी कधी?
मी : तुम्हाला संवाद नाही.
"एकबी न्हाई? मग ओठ काय हलवू?"
"हलवू नका."
"मग ती मनात काय म्हणती तेवढं तर सांगा, भावजी."
घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी कॉलेज सोडून आलो त्या दिवशी आमची आई काही बोलली नव्हती. ताट वाढलं होतं. ती मनात काय म्हणत होती ते मलाच अजून कळलेलं नाही. वहिनींना कुठून सांगू?

रवि. २४ ऑगस्ट
रंगीत तालीम. ओंकार दारात उभा. वहिनी उठल्या, बघितलं, परातीपुढे बसून पीठ मळायला लागल्या. हात असे चालले की मी श्वास रोखला. स्पीकर शांत.
तेवढ्यात साउंडवाले मामा धावले. केबल हलवून बघितली, काही होईना, म्हणून स्वतःचा मोबाइल जोडला आणि आईवरचं गाणं, फुल आवाजात! वर येऊन म्हणतात, "पेनड्राइव्ह मेल्ता. म्या निभावून न्हेलं."
सगळे हसले. अण्णा नाही. "बघ. आपल्याच माणसाला वाटलं बंद पडलं. रस्त्यावरचं पब्लिक शिट्ट्या मारंल. दोन वाक्यं घाल आईला. आलास व्हय बाळा, आणि माफ केलं म्हणून."
"नाही घालणार."
"मंडळ तुझं हाय का?"
"नाही. पण वाक्यं नाही घालणार."
अध्यक्षांसमोर, सगळ्यांदेखत. म्हणालो ना.

मंगळ. २६ ऑगस्ट
उद्या गणपती. अण्णांनी गल्लीतल्या एका काकूंच्या आवाजात ती वाक्यं भरून घेतली, मला न विचारता. ऐकली. काकू रडल्यासुद्धा. अगदी सिनेमा. आता दोन पेनड्राइव्ह.
ओंकार : सोड की भावा. लोकास्नी कुठं म्हाईत हाय मूळ कसं हाय.
तेच तर. त्यांना मूळ म्हणून हेच मिळणार.

शनि. ३० ऑगस्ट
देखावा सुरू. अण्णा पाहुण्यांच्या स्वागतात होते, मामांच्या हातात मी माझा पेनड्राइव्ह दिला. मोबाइल खिशात ठेवा म्हणून बजावलं.
वहिनी परातीपुढे बसल्या आणि शिट्ट्या. "आवाज! ए, आवाज!" एकाने मला हलवलं, "पावणं, बिघडलंय तुमचं." मागून एक बाई करवादली, "गप बसा की! ती भाकरी करत्या, दिसंना व्हय?" थोडे गप्प झाले. थोडे निघून गेले. शिट्ट्या पूर्ण थांबल्या असं लिहिणार नाही.
अण्णांनी पेनड्राइव्ह काढून घेतला. "उद्या देखाव्याच्या स्पर्धेचं परीक्षक हाईत. उद्या काकूंचा आवाज लागणार. तू मशिनीजवळ दिसायचा न्हाईस."

रवि. ३१ ऑगस्ट
सकाळी वहिनींकडे गेलो. म्हटलं, आज तुमच्यावर काकूंची वाक्यं वाजणार.
"वाजू द्यात की. वाक्यं काकूंची, त्यांनी म्हणावीत. मी ओठ हलवायची न्हाई."
"अण्णा चिडतील."
"मग अण्णांनी यावं वर, लुगडं नेसून. त्यांनी हलवावेत."
हसू आलं, मग ते डोळ्यांपुढे आणून बघितलं. मिटलेल्या ओठांची आई आणि वरून रडका आवाज. हे मंगात नाही, ॲनिमेत नाही, त्या सिनेमातही नाही. कसं दिसेल? हसतील. किंवा आवाज कुणाचा म्हणून इकडे तिकडे बघतील, आणि मग तिच्याकडे.
घरी आमच्या आईने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. वहिनी ओठ हलवणार नाहीत हे अण्णांना आधी सांगावं का, दिवसभर डोक्यात. सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. परीक्षक सातला. निघतो.