‘मिळाला’चं बटण

१४ मार्च, गुरुवार

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तुम्ही सगळे खुशाल असाल असं लिहिणार होते, पण कंपनीने तुला घरी बसवलंय हे कळल्यावर तसं लिहायला हात धजत नाही.

आमच्या औषधांच्या गोदामात वही गेली आणि ब्लॉकचेन आली. कॉम्प्युटरवाल्या मुलीने तीनदा समजावलं, तिन्ही वेळा डोक्यावरून गेलं. एवढं कळलं की कारखाना, तुमची ट्रकची कंपनी, आम्ही आणि हॉस्पिटल, सगळ्यांकडे एकच वही असते. एकाने लिहिलं की चारही ठिकाणी उमटतं, आणि लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही. मी विचारलं, "आणि चुकलं तर?" ती म्हणाली, "काकू, पुढे नवी नोंद करायची. जुनी राहतेच." असली कसली वही, तूच सांग.

माझी चूक ‘मिळाला’ या शब्दावर झाली. आमच्याकडे माल मिळाला म्हणजे मोजून थंड खोलीत लागला. बावीस वर्षं मी तसंच लिहीत आले. आता मात्र गाडी फाटकात आली की लगेच ‘मिळाला’चं बटण दाबायचं असतं, कारण तोवर माल ड्रायव्हरच्या जबाबदारीवर. त्या दिवशी तुझी गाडी आली, तेव्हा मी ते एक वाजून दहा मिनिटांनी दाबलं. इन्सुलिनच्या खोक्यांतलं तापमानाचं यंत्र सांगतं की खोकी अकरापासून तापत होती. म्हणजे तुझ्या ताब्यात तापली. आवारात इंजिन बंद ठेवायचा, म्हणजे गाडीतला गारवाही बंद, हा नियम आमचाच, पण तो त्या नोंदीत कुठे दिसतो?

इथवर वाचून तुला वाटेल, ताईचा गोंधळ झाला. साहेबांनाही मी तेच सांगितलं. गोंधळ आहेच. पण गाडी मला दिसली नव्हती असं नाही रे. दहाला तू हॉर्न दिलास, मी खिडकीतून तुला पाहिलं. माल उतरवायची जागाही रिकामी होती. बाबांच्या शेवटच्या दिवशी मी तुझी वाट बघत बसले होते आणि तू दुसऱ्या दिवशी उगवलास. तेव्हापासून आपण बोललेलो नाही. मनात आलं, बसू दे यालाही जरा. त्या ‘जरा’चे तीन तास कसे झाले, खरंच कळलं नाही. मला माझीच लाज वाटते.

आज सकाळी नवी नोंद केली. गाडी दहा वाजता फाटकात होती, मी थांबवली. पुढे कारण निवडायचं होतं: पाऊस, रस्ता बंद, यंत्र बिघडलं, इतर. मी ‘इतर’ निवडून लिहिलं, ‘ड्रायव्हर माझा भाऊ आहे.’

मुलगी म्हणाली, "काकू, याला कारण म्हणतात का?" मी नोंद पाठवायचं बटण दाबलं.

उद्या साहेबांनी बोलावलंय. माझी नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, तुझी परत मिळेल असं ती मुलगी म्हणते. मी खरं बोलले की तुझ्याशी बोलायला निमित्त शोधलं, तेही मला नीट सांगता येत नाही. ते वाक्य मात्र चारही ठिकाणी गेलंय, आणि कितीही राग आला तरी तुला किंवा मला ते खोडता यायचं नाही.

तुला ताटकळत ठेवणारी,
ताई