बॉम्बने रसद किती थांबते

वाटूर, ता. १० मे

चि. अर्पितास, आबाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत न्हाई म्हणतेस. बराबर येतं, तूच हळू बोलतेस. म्हणून पत्र.

तुझा भाऊ भारत ज्या रस्त्यानं फौजेला रेशनचा ट्रक नेतो, त्यावरचा पूल बॉम्बनं पडला असं टीव्हीवर आलं. त्याचा फोन लागून न्हाई राह्यला. एकाहत्तरात मीबी ट्रकवरच होतो. आपल्या विमानांनी दुश्मनाचा पूल उडवला अन् त्याच्या उपाशी फौजेनं हात वर केले, ही गोष्ट मी फाट्यावर कितींदा सांगितली. तुझ्या आईनं, मीनानं, ती बिलकुल खरी धरली. आता ती जेवून न्हाई राह्यली. म्हणते, तुम्हीच सांगायचे, पूल गेला की फौज गेली. मी आता गोष्ट बदलली तर म्हणेल, समजूत काढताय. तू पुलांची इंजिनिअर, तूच लिही.

तुझा आबा

पुणे, ता. १४ मे

ती. आबांस, अर्पिताचा सा. न. वि. वि.

म्हणजे तुमची बढाई खोटी ठरवायचं काम माझ्याकडे आलं. फी घेणार नाही.

पूल वरून रेघेएवढा दिसतो. बरेच बॉम्ब बाजूला पडतात. दोन खांबांमधला एखादा गाळा पडलाच, तर फौजेकडे जोडून टाकायचे लोखंडी पूल असतात. दुधना नदीवरचा पूल बंद होता तेव्हाही आष्टीच्या बाजारात कांदा पात्रातून आलाच. तुमच्या शत्रूची रसदही येत राहिली असणार, पण कमी आणि उशिरा. समोरून आपलं पायदळ रेटत होतं, म्हणून त्यांचा जवळचा दारूगोळा नवा येण्याआधीच संपत गेला. नुसत्या बॉम्बने ते झालं नसतं. भारतच्या तुकडीवर तसा रेटा असल्याची बातमी नाही. ती उपाशी पडणार नाही.

इथपर्यंत आईला वाचून दाखवा. पुढचं फक्त तुमच्यासाठी. पूल जोडेपर्यंत ट्रक अलीकडे रांगेत थांबतात, आणि रांग वरून पुलापेक्षा चांगली दिसते. भारत त्या रांगेत असू शकतो.

कळावे. लोभ आहे तेवढा ठेवा, आवाज कमी करा.

अर्पिता

वाटूर, ता. १९ मे

चि. अर्पितास आशीर्वाद.

वाचायच्या नादात 'इथपर्यंत आईला वाचून दाखवा' हेबी मी मोठ्यानं वाचून गेल्तो. मंग मीनानं पत्रच ओढून घेतलं. सगळं वाचलं. म्हणाली, पोरगा कुठं उभा असंल ते तरी कुणी नीट सांगितलं. अन् भाकर घेऊन बसली.

काल भारतचा फोन आल्ता. रांगेतच होता. पुढचा ट्रक जळाला, ह्याची नुसती काच फुटली. पूल जोडला, रेशन पोचलं. आईनं विचारलं, तू काय खाल्लंस? तर म्हणतो, बिस्किटं. अख्ख्या फौजेचं रेशन गाडीत अन् साहेब बिस्किटांवर! आता फाट्यावर सांगून राह्यलो, बॉम्बनं काहीच होत न्हाई.

तुझा आबा

पुणे, ता. २३ मे

ती. आबांस, सा. न. वि. वि.

काहीच होत नाही असं मी लिहिलं नव्हतं. उशीर होतो, असं लिहिलं होतं. पुढचा ट्रक चालवणाऱ्याच्या घरी तुमची ही नवी गोष्ट कुणी सांगू नये. फाट्यावरही नको.

भारतचा फोन येईपर्यंत माझा डबाही ऑफिसातून रोज भरलेलाच परत येत होता.

कळावे. लोभ आहेच.

अर्पिता