दर जुलैची खुर्ची

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. मिटले की मात्र तुम्ही लगेच येता. तुमच्यासमोर मी बहुतेक वेळ डोळे बांधूनच बसलेला असायचो, त्यामुळे असेल.

तुमचा पहिला तास. सकाळी सातचं कॉलेज, तुमचा तास साडेनऊचा. अकराला मला इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला उभं राहायचं असतं, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायची विद्या, अशा समजुतीनं आम्ही निम्म्या पोरांनी हा विषय घेतला होता. तुम्ही पिशवीतून स्टीलचा डबा काढता, झाकण उघडता, आणि टेबलावर बकऱ्याचा भेजा ठेवता. पुढच्या बाकांवरच्या मुली नाकाला पदर लावतात. मागून कोणीतरी म्हणतो, "सर, आमच्याकडे याचा मस्त रस्सा होते." तुम्ही शांतपणे म्हणता, "होऊ दे. आधी डोळ्यांनी खा, मग तोंडानं." आणि मग तासभर त्या सुरकुतलेल्या गोळ्यावर पेन्सिलीचं टोक फिरवत, बघणं कुठे होतं, ऐकणं कुठे होतं, तोल कोण सांभाळतं, ते सांगत राहता. तास संपल्यावरही मी त्या टेबलाशी उभा राहिलो, आणि त्या दिवशी मला दुकानात पोचायला उशीर झाला.

पुढे एकदा तुम्ही मला विचारलंत, "दिवसभर त्या खणखणाटात उभा असतोस. त्रास होत नाही?" मी उठून म्हटलं, "सर, मले तो ऐकूच येत नाही. पण गिऱ्हाईकानं हळूच बायकोले म्हटलं ना, 'हाच घेऊ,' तेवढं बरोबर ऐकू येते. मग मी भाव सोडत नाही." वर्ग हसला. काही माझ्या हुशारीला हसले, बरेचसे 'मले'ला. तुम्ही हसला नाहीत. खडू खाली ठेवून म्हणालात, "ऐका हा काय म्हणतोय ते. रोजचा आवाज मेंदू गाळून टाकतो आणि कामाचा तेवढा ठेवतो. पुस्तकात हे चार पानांत आहे, यानं दोन वाक्यांत सांगितलं." कॉलेजात माझ्या बोलण्याला कोणी मान दिला तो तेव्हा पहिल्यांदा. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या मानापायी झालं.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवलीत, भोवती खडूनं गोल काढलात आणि माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधलीत. जत्रेत मिळतो तसला पत्र्याचा बेडूक तुमच्या हातात. तो दाबून टिक वाजवायचा, आणि मी बोटानं दिशा दाखवायची. डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कोणीही ओळखतो, तुम्ही पोरांना समजावत होतात, कारण तो एका कानाला क्षणभर आधी पोचतो. अगदी समोरचा किंवा अगदी पाठीमागचा मात्र दोन्ही कानांना एकदमच पोचतो, तिथे माणूस हमखास चुकतो.

मी चुकलो नाही. समोर, मागे, पुन्हा मागे, सगळं बरोबर. पोरं ओरडायला लागली, "वा गा भांडेवाले!" तुम्ही पट्टी सोडलीत तेव्हा तुमचे डोळे ओले होते, सर. भांड्यावर टिचकी मारून तडा ओळखणारा हा कान, म्हणालात, कामानं घडलाय. शाळेनं नाही, बाजारानं घडवलाय. मेंदू घडतो, पोरांनो, कोणाचाही घडतो.

आणि मी तिथं बसून ऐकत होतो ते एवढंच, की तुमच्या चपला करकरतात. टिक वाजायच्या आधी तुम्ही कुठून कुठे गेलात ते मला पावलागणिक कळत होतं. बेडकाकडे माझं लक्षही नव्हतं. मला वाटलं, हे सगळ्यांनाच ऐकू येत असेल आणि तुम्हाला तर येतच असेल. तुम्हाला ते ऐकू येत नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. रोजचा आवाज मेंदू गाळून टाकतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. पण तोवर तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून बसला होतात, आणि मी वर्गात 'मले' म्हटलं तरी कोणी हसत नव्हतं.

त्या वर्षी सांगितलं असतं तर तुम्ही कान धरला असतात आणि वर चहा पाजला असतात. मी नाही सांगितलं. पुढच्या जुलैत नवा वर्ग आला आणि तुम्ही निरोप पाठवलात. मग दर जुलैत. मी बी.ए. झालो, इतवारीत स्वतःचं दुकान टाकलं, हिंगण्याला पत्र्यातून भांडी दाबून काढायची शेड घातली, सायकलची स्कूटर झाली, लग्न झालं, आणि जुलै लागला की मी घरात चिडचिड करायला लागायचो. बायको विचारायची, "काहून जाता मग? कामं पडली आहेत म्हणा." मी म्हणायचो, "सरांले नाही म्हणता येत नाही वं." धंद्यात मी भल्याभल्यांना नाही म्हटलेलं आहे. पण त्या खुर्चीवर बसलो, मागून तुम्ही पट्टीची गाठ मारलीत, की मी पुन्हा एकोणीस वर्षांचा. घामानं पट्टी ओली, वर पंखा, भोवती साठ पोरांचे श्वास, आणि तुमची करकर माझ्या पाठीमागे जाऊन थांबते. एकदा मुद्दाम चुकून मोकळं व्हावं असं ठरवून गेलो. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात, "मुलांनो, हा माझा विद्यार्थी." बोट आपोआप बरोबर दिशेला गेलं.

तुमच्या निवृत्तीआधीचा शेवटचा जुलै. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मी वाजवू?" तुम्ही खुशीत बेडूक तिच्या हातात दिलात. ती दाराकडे गेली, तिथं चपला काढल्याचा आवाज मला आला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. नुसती टिक. मी समोर दाखवलं, वर्गात कुजबुज. मागे दाखवलं, पुन्हा कुजबुज. बाजूचे तेवढे बरोबर आले, बाकी जवळजवळ सगळे चुकले. मग तुम्ही बेडूक स्वतः घेतलात. पुन्हा सगळं बरोबर. त्यानंतर तुम्ही किती तरी वेळ जागचे हलला नाहीत. मला पट्टीआड काळोख, आणि तुमचा चेहरा कसा झालाय ते कळायला काही मार्ग नाही. घंटा झाली.

व्हरांड्यात ती मुलगी आली. "काका, तुम्ही सरांच्या चपलांवर जाता ना?"

"तुले काय करायचं हाय बाई? सर आता रिटायर होऊन राहिले. पुस्तक लिहून राहिले, त्यातही माझ्यावर एक प्रकरण हाय. जाऊ दे ना."

"मग आम्ही काय शिकलो, काका?"

मी स्कूटरकडे चालू लागलो. तिनं कोणाला सांगितलं नसावं. माझ्याकडे पाहून गप्प राहिली बिचारी. तिला गप्प बसवलं, हे तुमच्याशी केलं त्याहून वाईट, असं मला अलीकडे वाटतं.

पुस्तक छापून यायच्या आत तुम्हाला सांगायचं, असं ठरवून मी प्रताप नगरला तुमच्या घरी आलो. तुम्ही आजारी होतात, पलंगावर, मांडीवर छपाईची कच्ची पानं. काकूंनी पोहे दिले. मी काही बोलायच्या आत तुम्हीच पानांवरून नजर न काढता विचारलंत, "त्या दिवशी काय झालं रे?"

सुटायचं दार तुम्हीच उघडलंत, सर. मला फक्त बाहेर यायचं होतं. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मले सर्दी होती. कान दडले होते."

तुम्ही म्हणालात, "बरं."

धंद्यात माणसाच्या एका 'बरं'वरून मी ओळखतो की सौदा झाला की मोडला. तुमचं ते 'बरं' मी किती वेळा मनात वाजवून पाहिलं. माझं खरं मानून तुम्ही सुटला होतात, की तुम्ही ओळखलं होतंत आणि माझी लाज राखलीत, हे अजून कळत नाही. तुम्ही पान उलटलंत आणि पोहे गार होतील म्हणालात. पावसाळा सरायच्या आत तुम्ही गेलात. पुस्तक तसंच आलं.

पुढे माझीच मुलगी कॉलेजात गेली, आणि परीक्षेआधी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत ते प्रकरण मोठ्यानं पाठ करू लागली. बाजारानं घडवलेला कान. त्यात माझं नाव नाही, पण तिला ठाऊक होतं तो कोण. "बाबा, बरोबर म्हटलं ना?" मी पानावर बसलो होतो. हातातला घास तसाच. म्हटलं, "बरोबर."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आज एवढं लिहवलं. सर, मला सर्दी नव्हती.