उसाच्या रानातल्या मुंग्या

मंगळवार, तिन्हीसांजा
तळेगाव ढमढेरे

पाय असे भरून आलेत की चहा ठेवायलाही उठवत नाही. पण हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आज साखर तपासायला धनगरवस्तीवर गेले. म्हाताऱ्या आबांच्या बोटातला थेंब घेतला, तर साखर इतकी की मशीनला आकडाच दाखवता येईना. मग आबांनी जोडा काढला. पायाचा अंगठा काळा पडलेला.

आणि मला त्या मुंग्या आठवल्या.

गेल्या उन्हाळ्यात आमचा ऊस तुटून गेल्यावर आबांची मेंढरं खतासाठी रानात बसवली होती. तेव्हा आबा खाली मान घालून म्हणाले होते, "पोरी, मी लघवीला बसतो तिथं मुंग्या लागत्यात." मी हसले. म्हटलं, "आबा, उसाचं रान हाय, मुंग्या असणारच की."

आम्हा आशाताईंच्या प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं, पूर्वीचे वैद्य लघवीला मुंग्या लागतात का ते बघूनच मधुमेह ओळखायचे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. माझ्या पिशवीत तर मशीन होतं. का नाही काढलं मी? मुंग्या काय, उसाच्याच, असं कसं धरून चालले?

दवाखान्याची चिठ्ठी लिहिताना न राहवून विचारलं, "आबा, मुंग्यांचं परत का न्हाई बोललात?"

जोडा चढवता चढवता आबा म्हणाले, "बाईमाणसाला असलं एकदा सांगायलाच लई लाज वाटली व्हती, पोरी. आन् तू हसलीस."