सुतकातलं बियाणं

प्रिय हेमांगी,

तुझे फोन दिसतात गं मला. उचलत नाही म्हणून रागावू नकोस. तू दोन शब्द बोललीस की मला रडू फुटेल आणि सांगायचं ते राहूनच जाईल, म्हणून लिहितेय. कॉलेजात माझी जर्नलं बघून नाक मुरडायचीस, अक्षर अजून तसंच आहे. आता मुकाट वाच.

आई गेली एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं, कशी ते नाही. सकाळी बोंबील साफ करता करता म्हणाली, जरा टेकते. टेकली ती उठलीच नाही. अजून कोणी दार वाजवलं की मला वाटतं, बाजारातून तीच आली.

तुझ्यावर तिचा जीव होता. आधी नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. तू तुझ्या लॅबच्या कामासाठी बाळकुमला आमच्याकडे पहिल्यांदा आलीस आणि खाऱ्या पाण्यात तगणारा तिचा तांबडा भात मागितलास, तेव्हा तिने चहा दिला, बियाणं नाही. आमच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले तरी खाडीकडच्या पट्ट्यात ती दरवर्षी तो लावायचीच. लॅबवाले नेतील आणि स्वतःचं नाव लावतील, असं तिला वाटायचं. तरी तू येत राहिलीस. मग कल्याणपलीकडच्या खाडीकाठच्या गावांतून उत्तमदादांना घेऊन आलीस. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरतं, लावलेलं जळून जातं, आणि भात पिकवणारी माणसं रेशनचा तांदूळ खातात, हे त्यांनी समोर बसून सांगितलं. नंतर तिनेच अटी घातल्या. बियाण्याला नाव गावाचंच राहील, त्यातला गुण घेऊन तुम्ही नवा वाण केलात तर तो आधी त्या गावांत जाईल, आणि पारख तिथल्या बायका करतील, शिजवून, खाऊन. तुझ्या साहेबांनी सगळं मान्य केलं तेव्हा मला म्हणाली, "तुजी मैत्रीन चिवट हाय." एवढं कौतुक तिने माझं कधी केलं नाही.

तिने दिलेली पहिली मूठ तुझ्या तपासण्यांतच संपली. गेल्या वर्षी पट्ट्यावर भराव पडला. म्हणजे त्या भाताचं जे काही उरलं ते आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात. गुढीपाडव्याला ती स्वतःच्या हाताने तुला देणार होती.

त्याच फोनवर तू बियाण्याचं हळूच विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, सुतक फिटू दे. आमच्यात सुतकात बियाणं घराबाहेर काढत नाहीत, उगवत नाही म्हणतात. तू एवढी शिकलेली, पण थांबते म्हणालीस. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, नातेवाईक काय काय कबूल करून दमले. शेवटी बाबा पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "ठमा, तुजा भात मी त्या लॅबवाल्या पोरीकडं पोचवतो. जा आता." तेव्हा कावळा आला. बाबा तिथेच खाली बसून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. मोहने गावची शेवंतीमावशी, आईची थोरली बहीण, आधीच येऊन राहिली होती. ज्या सुतकाने माझे हात बांधले, ते दुसऱ्या घरात दिलेली म्हणून तिला लागतच नव्हतं. बहिणीला लहानपणापासून तांबडा भात आवडायचा एवढंच तिला माहीत, बाकी काहीच नाही. तिने माळ्यावरचा डबा काढला, तिच्या गावी, मोहन्याला नेऊन गिरणीत सगळा भरडून आणला. घर पाहुण्यांनी भरलेलं, मला कोण सांगणार? पानं वाढली तेव्हा वास आला आणि मला कळलं.

पंगतीत सगळे म्हणत होते, ठमाबाईच्याच हातची चव आहे. मावशी डोळे पुसत मला आग्रह करत होती. मी जेवले, हेमांगी. मायेने केलं होतं तिने, तिला काय बोलणार? दुसऱ्या दिवशी गिरणीवर गेले, कोंडा चाळून पाहिला. अख्खा दाणा एकही नव्हता.

उत्तमदादांना मीच सांगेन, ते बांध घालून वाट बघताहेत. तुझी एवढी वर्षं, गावागावांत जाऊन तू जमवलेली माणसं, सगळं एका पंगतीत गेलं. मला राग येतो, पण तो कोणावर काढू तेच कळत नाही.

हे तुला सावकाश सांगता आलं असतं. आत्ता लिहितेय ते बाबांसाठी. बाराव्याला त्यांना ताप होता, आतल्या खोलीत झोपून होते, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. उठल्यावर रिकामा डबा पाहून त्यांनी विचारलं, दिलंस का? माझ्या तोंडून हो गेलं. तेव्हापासून ते दोन घास जेवायला लागलेत. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, ठमाचा भात लॅबमध्ये गेला. रविवारी तू भेटायला येशील तेव्हा ते दारातच विचारतील. तुला खोटं बोलता येत नाही, माहीत आहे मला. पण एवढं एकदा, त्यांच्या डोळ्यांत बघून सांग गं, उगवलं म्हणून.

तुझीच,
प्राप्ती