गोरेगावची जीप वेळेवर सुटली

गोरेगाव, ता. सेनगाव
२२ मे २००६

आदरणीय भागूअक्कास धाकट्या जळबाचा जय भीम. पुण्याच्या जिन्यांशी तुझ्या गुडघ्यांनी जुळवून घेतलं असेल, अशी आशा करतो.

अक्का, तुझ्या प्रज्ञेशनं कमाल केली! कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे तो नेमकं काय करतो, हे मला आजवर कळलं नव्हतं (गावात मी ‘मोठा इंजिनियर’ सांगून वेळ मारून नेत होतो). तो सुट्टीला आला तेव्हा मी जीप विकायच्या बेतात होतो. हिंगोलीची सगळी सवारी भीमसिंगच्या जीपमध्ये, माझ्या जीपमध्ये माशा. म्हटलं, भाच्या, काहीतरी कर. वाटलं, नवा रंग सुचवेल, टेप बसवेल. तर हा पठ्ठ्या स्टँडवर ठाण मांडून येईल त्याला विचारत सुटला, मामाच्या जीपमध्ये काहून बसत न्हाई? उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही काहून! लोक त्याला निवडणुकीचा माणूस समजून नळाच्या तक्रारी सांगू लागले. शेवटी भाजीवाली कमलबाई वैतागली, “अरे लेकरा, रिकाम्या जीपीत पयलं बसलं की भरेस्तोवर उकडून मरायचं. म्हनून आमी संतरामच्या हाटेलात बसतो.” (संतराम म्हणजे माझा मेहुणा, आमच्या रुक्माबाईचा सख्खा भाऊ.) म्हणजे कोणी बसत नाही म्हणून जीप भरत नाही, आणि भरत नाही म्हणून कोणी बसत नाही! मग भीमसिंगची कशी भरते? तर आत त्याची सासरची मंडळी नुसतीच बसवलेली. खरी सवारी आली की एकेक जण गुपचूप खाली उतरतो.

हे ऐकल्यावर मी प्रज्ञेशचं पुढचं ऐकलंच नाही. रुक्माबाई आणि तिच्या जावांना ठेवणीतली लुगडी नेसवून जीपमध्ये बसवलं. सवारी धावत आली, पण आमची मंडळी उतरेचनात. रुक्माबाई म्हणाली, “आता बसलेच हाय तर हिंगोलीचा बाजार करूनच येते.” भरगच्च जीप हिंगोलीला गेली, सगळी घरचीच! येताना टपावर त्यांचं सामान.

मग प्रज्ञेशनं सुचवलेला इलाज केला. भरो न भरो, जीप ठरल्या वेळेला सुटणार, अशी पाटी लावली. पहिल्या दिवशी आत आम्ही दोघंच. मागून अर्धं हाटेल हातात कप घेऊन धावतंय, “ओ जळबाभाऊ, थांबा की!” माझा पाय ब्रेककडे, प्रज्ञेशचा हात माझ्या गुडघ्यावर. म्हणाला, “मामा, आज थांबलात तर रोज थांबावं लागेल.” दुसऱ्या दिवशी वेळेआधीच जीप गच्च! विकायची बातच संपली. स्टीअरिंगवर डोकं ठेवून मी चक्क रडलो, अक्का. पोरगं हिऱ्यासारखं आहे.

तुझा,
जळबा

ता.क. प्रज्ञेशला पुन्हा रजा काढून पाठव. त्यानं सगळ्या स्टँडला विचारलं, संतरामला विचारायचं राहिलं. आता वाट पाहत बसणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे त्याच्या चहाला गिऱ्हाईक नाही. रुक्माबाई माझ्याशी बोलत नाही. दिवसभर भावाच्या हाटेलात बसते आणि माझी जीप निघाली की पाठ फिरवते. मला अजिबात करमत नाही.

पुन्हा ता.क. आज मी जीप मुद्दाम उशिरा सोडली. तिनं चहा पाठवला. साखर नव्हती, पण पाठवला. हे प्रज्ञेशला सांगू नको.