डाव्या अंगाची फळी

दि. ९ जानेवारी

चि. भावोजींना अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहायला बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही ओळखलं असेलच. मला लिहायचा कंटाळा आणि तुम्हाला माझं अक्षर लावायचा. पण हे फोनवर बोलता येत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते दिवसभर माझ्या आजूबाजूला असतात.

तुमचे दादा विसरायला लागलेत. चष्मा विसरतात, किल्ली विसरतात, तसं नाही. परवा होडीच्या सुकाणूचा दांडा वीतभर तोकडा करायचा होता. केला. चहाला आत आले, परत गेले, आणि आणखी वीतभर तोकडा केला. संध्याकाळपर्यंत त्याचं लाटणं झालं होतं. मी हसले, तर तेही हसले. मग हसायचे थांबले आणि दांड्याकडे असे बघत राहिले की मला तिथे उभं राहवेना. अंगठाही कापलाय. करवतीनं की पटाशीनं, ते त्यांना सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे हळूहळू वाढतच जाणार, गेलेलं परत येत नाही, आणि किती वेळ लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या दारात बसून आम्हाला मिळालं काय? त्यावर बाहेर आल्यावर ह्यांनी मला चांगलंच झापलं. बरं वाटलं. झापायचं अजून विसरलेले नाहीत.

आता होडीचं. ह्यांचा छापखाना बंद पडल्यावर तुम्ही दोघांनी मागच्या पत्र्याखाली ती सुरू केलीत तेव्हा मी किती कटकट केली ते तुम्हाला ठाऊक आहे. एक खिळे जुळवणारा, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि पुस्तकातला नकाशा बघून निघाले होडी बांधायला. माझी कपडे वाळत घालायची जागा गेली ती गेलीच. पण आता मीच सांगते, ती पाण्यात घाला. उपडी पडलीये ती सुलटी करायला शेजारचे चारजण येतील. डोलकाठी नको, शीड नको, वल्ह्यांवर न्या. ही होडी आपली आहे हे ह्यांना आज ठाऊक आहे. ते ठाऊक आहे तोवर न्या.

माया आहे तशीच असू द्या, पण आधी रजा काढा.

तुमची वहिनी


दि. २२ जानेवारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. दादाला मी कधी काही विसरताना बघितलंच नाही. माझ्या शाळेतल्या पहिल्या बाईंचं नाव मला आठवत नाही, त्याला आठवतं.

वहिनी, लगेच येणं जमत नाही. इथे नव्या इमारतीच्या लिफ्ट माझ्या अंगावर आहेत, त्या चालू झाल्याशिवाय साहेब सोडणार नाही. आणि खरं सांगू का, वल्ह्यांवर नेली तर दादाचं समाधान व्हायचं नाही. त्याला ती शिडावरच न्यायची आहे. इथे ताडपत्री शिवणारा एक म्हातारा मला शीड शिवून देतोय. पावसाळा संपून वारा मऊ झाला की मी महिनाभराची रजा घेऊन येतो. तिघं मिळून नेऊ. इतकी वर्षं थांबलो, अर्धवट कशाला करायची?

तोवर एक करा. करवत, पटाशी, ड्रिल, हातोडा, सगळं पेटीत घालून कुलूप लावा. फक्त रंधा बाहेर ठेवा. रंध्यानं माणसाला इजा होत नाही, आणि होडी बाहेरून गुळगुळीत करायचं काम तसंही राहिलंय. दादाचा वेळ जाईल आणि कामही होईल.

तुम्ही धीराच्या आहात म्हणून इकडे मला झोप लागते. असाच जीव लावा.

तुमचा भावोजी


दि. १७ मार्च

चि. भावोजींना आशीर्वाद.

तुम्ही सांगितलंत तसं केलं आणि गुण आला. सगळं कुलपात, रंधा बाहेर. सकाळी उठले की तोंड धुऊन सरळ मागे जातात, स्टूल ओढतात आणि सुरू. मी स्वयंपाकघरातून ऐकते. सर्र, सर्र. तो आवाज असला की मला भाजी नीट चिरता येते, थांबला की माझे हात थांबतात.

घरात चुकतात, मागे होडीपाशी हात चुकत नाहीत. शर्टाचं बटण कुठल्या काजात घालायचं ते मला सांगावं लागतं, पण रंधा कसा धरायचा ते कुणी सांगावं लागत नाही. पातळ पातळ सालपटं निघतात, कागदासारखी. एवढी जमली की मी ती भरून उशा केल्या. तुम्ही याल तेव्हा तुम्हाला तीच उशी. टोचली तर बोलायचं नाही.

परवा मला विचारलं की धाकटा शाळेतून अजून कसा आला नाही. मी म्हटलं, येईल, त्याच्या लिफ्ट अडकल्यात. ते म्हणाले, शाळेत कुठली आलीये लिफ्ट? आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की वेडी मीच.

पावसाळा वगैरे तुमचं तुमच्यापाशी. लवकर या. तुम्हाला सगळं नीट करायचं असतं, आणि मला सगळं आत्ता लागतं. ह्या वेळी माझं ऐका.

आठवण नुसती काढू नका, येऊन दाखवा.

तुमची वहिनी


दि. ३० मे

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. रागावला असालच, तर निम्मा राग मी येईपर्यंत राखून ठेवा.

शीड तयार झालं. माझ्या खोलीत मावत नाही म्हणून गच्चीवर पसरून बघितलं. वाऱ्यानं पोट फुगवलं आणि मला ओढत कठड्यापर्यंत नेलं. शिवणारा म्हातारा पोट धरून हसला. मी एकटाच उभा होतो आणि मनात आलं, दादा असता तर त्यानं आधी शिवण उलटी करून तपासली असती.

रंग मी आल्यावरच देऊ. पहिला हात दादाचा. त्याला तसं सांगून ठेवा, रोज सांगा. लिफ्टचं काम संपत आलंय. थोडं सांभाळून घ्या.

तुमचा आशीर्वाद आहे म्हणून चाललंय.

तुमचा भावोजी


दि. ६ जुलै

चि. भावोजींना आशीर्वाद.

खुर्चीवर बसून वाचा.

आज सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी झाडू घेऊन होडीच्या खाली शिरले. सालपटं वाऱ्यानं आत जातात, त्यात मांजर व्यायलीये. आत अंधार असतो. आज नव्हता, पाऊस उघडला होता आणि सकाळचं ऊन तिरपं पत्र्याखाली आलं होतं. डाव्या अंगाची एक फळी लाल दिसत होती. उन्हात हाताचा पंजा धरला की बोटांच्या कडा दिसतात, तशी. मला वाटलं रंग लागलाय. म्हणून बोट लावलं. बोट आरपार गेलं भावोजी. दाबलंसुद्धा नव्हतं.

मग बाहेर येऊन हात फिरवून बघितलं. ती एक फळी आणि तिच्या शेजारच्या दोन. बाकी होडी तुम्ही ठेवून गेलात तशी खरबरीत. ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून सकाळच्या उन्हाच्या बाजूला स्टूल घेतात, आणि रोज तिथूनच सुरू करतात. रोज पहिलाच दिवस. काल हे झालंय, हे त्यांना सांगणार कोण? सांगणारी मी, आणि मी आत भाजी चिरत आवाज ऐकून खूश. उशा भरत होते. त्या उशा म्हणजे तुमची होडीच होती की.

रंधा पिठाच्या डब्यात लपवलाय. पुढे काय करू ते लिहा. लांबड लावू नका.

तुमची वहिनी


दि. १४ जुलै

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमचा काही दोष नाही. रंधा बाहेर ठेवा, हे मीच लिहिलं होतं. लिफ्ट अडकली की मी आधी माणसं बाहेर काढतो, मग यंत्राकडे बघतो. इथे उलटं केलं.

ती फळी तुम्हाला आठवते का? तुम्ही किटलीनं उकळतं पाणी आणून देत होतात, आम्ही ओली पोती गुंडाळून ती वाकवत होतो. दोन मोडल्या. तिसरी बसली. त्या दिवशी दादा जेवताना मधेच उठून उठून तिला बघून येत होता, आणि तुम्ही म्हणालात की माझ्याकडे लग्नातसुद्धा असं वळून बघितलं नव्हतं.

रंधा लपवलात ते उत्तम. देऊ नका. मागच्या दाराला कुलूप लावा. साहेबाला सांगून टाकलंय, सोडा नाहीतर काढून टाका. पुढच्या महिन्यात येतो. तिन्ही फळ्या बदलू, होडी वाचेल. एवढी एकच गोष्ट दादानं आयुष्यात स्वतःसाठी मागितली आहे. ती मी अशी जाऊ देणार नाही. शीड घेऊनच येतो.

थोडे दिवस मन घट्ट करा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचा भावोजी


दि. २ ऑगस्ट

चि. भावोजींना आशीर्वाद.

रंधा मी परत दिला. आधी तेच सांगते, मग कारण.

लपवला त्या दिवशी ह्यांनी घरभर शोधला. काय शोधताय विचारलं तर नाव आठवेना. हातानं दाखवत होते, असं, असं. मग जेवायच्या टेबलाशी बसले आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिले, कातडी सोलून निघाली तरी. जेवले नाहीत. तुमचं पत्र येईपर्यंत मी दम धरला, वाचल्यावर मागच्या दाराला कुलूपही लावलं. तर ते दाराला कपाळ टेकून उभे. रडत नव्हते. रडले असते तर मी आणखी दम धरला असता. मी डबा उघडला, रंधा तसाच पिठासकट हातात दिला. त्यांनी तो फुंकून साफ केला आणि मागे गेले.

त्या तीन फळ्या आता नाहीत. खिडकी झालीये तिथे. मांजर तिथूनच ये-जा करते. हे पुढच्या फळीला लागलेत.

तुम्ही लिहिता होडी वाचेल. वाचेल हो. मग ती कुणासाठी? मी दोन्ही बघतेय भावोजी, दोन्ही एकदम टिकत नाहीत.

परवा चहा घेऊन गेले तर मला म्हणाले की बाई, हे काम कुणाचं आहे? मी म्हटलं, तुमचंच. ते हसले. म्हणाले, मी नुसता तासायला आलोय. मग वाकलेल्या फळीवरून हात फिरवत म्हणाले, "ज्यांनी ही वाकवली ना, त्यांचा हात गोड आहे. एकदा भेटले पाहिजेत." मी सांगितलं, दोघे भाऊ आहेत. त्यांनी विचारलं, येतात का इकडे? मी म्हटलं, येतात. तेव्हापासून रोज विचारतात. स्टूलशेजारी खोका ठेवलाय, कुणी आलं तर बसायला.

तर या. पण होडी वाचवायला येणार असाल तर येऊ नका, मी दारातून परत पाठवीन. शीड तिकडेच कुणाला तरी द्या. येताना फळ्या आणा, जाड बघून, मिळतील तेवढ्या. पातळ पुरत नाहीत.

आल्यावर रडायचं नाही, दादा म्हणून मिठी मारायची नाही, घाबरतात. खोक्यावर बसा आणि सांगा की ही फळी मी वाकवली. दोघांपैकी एक तरी त्यांना भेटू दे.

वाट बघण्यात आम्ही दोघंही आहोत, एवढं लक्षात ठेवून माया करा.

तुमची वहिनी